ओवाळला तो भलताच!

लग्नानंतरचे पहिले तीन महिने मी माझ्या नवऱ्याला पायांवरून ओळखत असे.

परवा माझी नात कुठल्याशा समुद्राकाठच्या शहरात जाऊन हाफ मॅरेथॉन पळून आली. दरवर्षी असते म्हणे तिथं. गळ्यात पदक, मागं समुद्र आणि तोंडभर हसू, असा फोटो माझ्यापुढं धरून म्हणाली, "आजी, एकवीस किलोमीटर म्हणजे किती, कल्पना तरी आहे का तुला?" मला विचारते! अगं, एकवीस किलोमीटर म्हणजे वळसंग ते सोलापूर. आमच्या भाषेत तेरा मैल. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला दर माघात ती शर्यत व्हायची, आणि तिच्यातले शेवटचे दोन मैल माझ्यामुळं गावात कितीतरी वर्षं गाजत होते. आमच्याकडं समुद्र नव्हता. पण अब्रू बुडवायला समुद्र कशाला लागतो?

तर पायांचं सांगत होते. लग्नात यांच्या तोंडावर मुंडावळ्या आणि माझ्या तोंडावर पदर. करमाळ्याहून सोलापूरला आले ती चाळीतल्या एका खोलीत. खोलीत सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणे), मी, हे आणि एक पितळी पिंप. हे गिरणीत बदली कामगार. म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर (गिरणीत मागाला साचा म्हणत) उभं राहायचं, आणि कायमचा आला तर गेटवरूनच परत यायचं. बदलीवाल्याला मिळायची ती बहुतेक रातपाळीच. सकाळी हे यायचे, जेवायचे आणि डोक्यावरून मोराची चादर ओढून झोपायचे. चांगली जाड, सोलापुरी. त्या चादरीवर किती मोर आहेत ते मी आजही सांगेन. चादरीखाली काय आहे ते मात्र तेव्हा धड सांगता आलं नसतं! (नातवंडांनो, पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत.)

जेवायला वाढताना वर बघायचं नाही, हे आईनं शिकवून पाठवलेलं. मी इतकी गुणी, की बघितलंच नाही! ताट, पाट आणि पाय, एवढाच माझा संसार. पण पाय मात्र पाठ केले होते. उजवा अंगठा जरा बाहेर वळलेला आणि घोट्यावर चंद्रकोरीसारखा व्रण. साच्यातला सूत नेणारा धोटा उडून लागला होता कधीतरी. हजार पायांत ते दोन ओळखले असते मी. यांना पळायचा नाद होता. रातपाळी नसेल त्या पहाटे अक्कलकोट रोडनं पळून यायचे आणि मी त्या पायांवर गरम पाणी घालायची.

त्या वर्षी गिरणीच्या मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं, "आपला जो बदलीवाला शर्यतीत पहिला येईल, त्याला मी कायम करीन." झालं! चाळीत दुसरा विषय नाही. आमच्या घरात तर नाहीच नाही. कारण यांचं भिवंडीला जायचं ठरत आलं होतं. तिथं पॉवरलूमवर काम होतं, पण राहायला जागा म्हणजे आठ जणांत एक खोली. बायको न्यायची सोय नाही. म्हणजे पहिला नंबर आला तर सोलापूर, नाही आला तर भिवंडी. मला तर आता पायसुद्धा दिसायची पंचाईत!

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हे वळसंगला मुक्कामाला गेले. आत्याबाई नेमक्या बारशाला गेलेल्या. परत येऊन बघतात तर पोरगा गेलेला.

"न ओवाळताच गेला?"

"व्हय."

"आणि तू काय करत होतीस?"

"पाय बघत हुते."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनीच तोड काढली. लांबून येणाऱ्याला वेशीवर ओवाळायचं, भाकरतुकडा उतरून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मग आत घ्यायचं, ही रीत. मग पळत येणारा काय लांबून येत नाही? उलट त्याला तर जास्तच दृष्ट लागणार, सगळे बघत असतात!

"पर आत्याबाई, ते पळत असतील की."

"मग? चार पावलं थांबंल. आईपेक्षा मोठी हाय का शर्यत?"

आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार हातांपलीकडचं सगळं त्यांना धुकं. म्हणून वाटणी ठरली. "तू वळख, मी ओवाळते." मी मान हलवली. आता इतक्या मोठ्या सासूला कोण सांगणार, की आत्याबाई, तुमचा मुलगा मलाही नीट दिसलेला नाही?

आणि खरं सांगते, मला काळजी नव्हतीच. पाय पाठ होते ना!

सकाळी आम्ही दोघी अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडं एका चिंचेखाली जाऊन उभ्या राहिलो. तेव्हा तिथं माळरानच होतं, चार पत्र्याच्या शेडा आणि सायकलवरून कामाला जाणारी माणसं. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, साखर, भाकरतुकडा आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून आत्याबाईंनी पदराची भिंत केलेली. बघणाऱ्यांना वाटलं, रस्त्यातच देऊळ निघालंय. दोन सायकलवाले नमस्कार करून गेलेसुद्धा!

तासाभरानं लांबवर धुरळा दिसला. धुरळ्यातून एक माणूस. एकटाच. पांढरा बनियन असावा, पण आता तो मातीच्या रंगाचा. केस मातीचे, भुवया मातीच्या. मी शहाणी, थेट पाय बघितले.

पायांत बूट!

कॅनव्हासचे बूट! अंगठा नाही, व्रण नाही, काही नाही. (यांनीही कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट उसने घेऊन, पुढं सुताच्या चिंध्या कोंबून घातले होते, हे मला नंतर कळलं. नवऱ्यानं बायकोला सांगून जावं, ते हे असं!)

"आला का गं?" आत्याबाई.

मी अजून बूटच बघत होते.

"अगं, आला का? पावलं वाजत्यात की!"

माझं डोकं भराभरा चालायला लागलं. घरातून निघताना हे शेजाऱ्यांना म्हणाले होते, "बघाच तुम्ही, पहिला येतो." मी दाराआडून ऐकलं होतं. पहिला येतो म्हणाले, आणि हा पहिला आला. म्हणजे हेच ते! नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढंच मला ठाऊक. मी ठेवला.

"आले!" मी म्हटलं.

आत्याबाई ताट घेऊन थेट रस्त्याच्या मधोमध. आता तुम्हीच सांगा, समोर म्हातारी बाई पेटतं निरांजन घेऊन उभी असेल तर आपल्याकडचा कुठला माणूस तिला ओलांडून जाईल? तो बिचारा जागच्या जागी थबकला. जागच्या जागीच पळत राहिला, पण पुढं गेला नाही.

"अम्मा... अम्मा, मी तुमचा न्हवं..."

"लगीन झाल्यापासनं असाच वागाय लागलाय!" आत्याबाई कुंकू लावत म्हणाल्या. "उभा ऱ्हा नीट. कपाळ हलवू नगस."

"अम्मा, शर्यत हाय..."

"शर्यत हाय म्हणूनच की. आ कर."

त्याच्या तोंडात साखर पडली. भाकरतुकडा त्याच्यावरून तीनदा उतरला गेला. पहिल्यांदा नीट, दुसऱ्यांदा पाठीमागून आणि तिसऱ्यांदा शंका राहायला नको म्हणून. "केवढा वाळलायस रं!" म्हणत आत्याबाईंनी त्याचे दंड चाचपले. मी तर आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या जवळून, पदर जरा वर करून, 'नवऱ्याचं' तोंड बघत होते. बरं होतं हो! उंच, सरळ नाक, दाट मिशी. मी मनातल्या मनात करमाळ्याच्या कमळाभवानीला नमस्कार केला. आई, माझं भलं केलंस!

एवढ्यात मागून दुसरा पळत आला. रस्त्याच्या कडेनं जाता जाता तो ओरडला, "आई! अगं ए आई! मी हिकडं!"

आत्याबाईंचा हात थांबला. "आवाज आपल्या सिद्रामसारखा वाटतोय गं."

"आत्याबाई, ते तर तुमच्यासमोर उभे हायत की."

"मग त्यो कोण वरडतोय?"

"असंल कुणीतरी येडा. तुमी ओवाळा."

(तो वेडा पुढच्या पन्नास वर्षांत मला हे वाक्य रोज एकदा ऐकवणार होता.)

मी वाकून तांब्याभर पाणी त्या कॅनव्हासच्या बुटांवर ओतलं. भरपूर. एक थेंब ठेवला नाही. तोवर मागचे चौघे-पाचजण येऊन पोचले होते. त्यांनी बघितलं, पहिला थांबलाय, कुंकू लावून घेतोय. त्यांना वाटलं, शर्यतीचाच नियम असेल! तेही एकामागं एक रांगेत उभे राहिले, कपाळं पुढं करून. एकानं साखरेला हात पसरला. आत्याबाईंनी कुणाला नाही म्हटलं नाही.

शेवटी पहिला काकुळतीला येऊन मला म्हणाला, "वैनी, सिद्राम फुडं गेला की हो! मी व्यंकटेश! पूर्व भागातला! सलग दोन वर्षं माझाच नंबर हाय!" आणि तो सुटला. त्याचे बूट फच्‌ फच्‌ करत गेले, आणि मागं रस्त्यावर ओल्या पावलांची रांग.

आत्याबाईंनी ताट खाली केलं. "शालन."

"जी."

"मग मी आता वोवाळलं कुणाला?"

मी रिकामा तांब्या पदराखाली लपवला.

टॉवेलचे गठ्ठे घेऊन चाललेल्या एका टेम्पोनं आम्हाला शर्यत संपायच्या मैदानावर नेलं. मैदानात पाऊल टाकलं तर नुसता गोंधळ. सिद्राम पहिला आला होता! दहा पावलं मागं व्यंकटेश, कपाळावर हे एवढं कुंकू, मिशीला अक्षता आणि बुटांत पाणी. त्याची माणसं पंचांच्या टेबलापाशी ओरडत होती.

"डाव हाय हा! बायका उभ्या केल्या रस्त्यात!"

"सख्खी आई आणि सख्खी बायको! मुद्दाम अडवला आमच्या माणसाला!"

मुख्य पंच म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात नियमांचं पुस्तक. बाजूला खुर्चीवर काळा चष्मा लावून मॅनेजरसाहेब. पंचांनी पुस्तक उघडून वाचलं, की घरच्या माणसांनी दुसऱ्याला मुद्दाम अडवलं तर धावणारा बाद. मुद्दाम अडवलं नसेल, तर नंबर कायम. सगळं अडलं होतं ते त्या 'मुद्दाम'वर. माझ्यावर. मुद्दाम ठरलं, की भिवंडी!

"बाई, पुढे या," पंच म्हणाले. टेबलावर माइक होता आणि तो चालूच होता. माझ्या बांगड्यासुद्धा कर्ण्यातून मैदानभर वाजल्या. "तुम्ही व्यंकटेशला का अडवलं?"

"मला वाटलं... हे हायत."

"हे म्हणजे?"

"आमचे हे."

"तुम्ही तुमच्या नवऱ्याला ओळखलं नाही?"

मी पदर खाली ओढला आणि म्हटलं, "न्हाय."

कर्ण्यानं ते 'न्हाय' पार रेल्वे स्टेशनपर्यंत पोचवलं असावं. मग जे हसू उसळलं! व्यंकटेशची माणसं ओरडली, "खोटं! तीन महिने झाले लग्नाला! कोण बाई नवरा ओळखत न्हाय?"

पंचांनी शिट्टी फुंकली. जरा विचार केला. मग सहा धावणाऱ्यांना एका ओळीत उभं केलं. सगळे मातीनं माखलेले, कपाळं आणि मिशा पुसायला लावलेले, सगळे बुटांत, सगळ्यांना तोंड मिटून उभं राहायची ताकीद.

"बाई, यांतला तुमचा नवरा दाखवा. बरोबर दाखवलात, तर पहिला नंबर त्याचा. चुकलात, तर तो बाद."

म्हणजे आता ओळखलंच पाहिजे! मी ओळीसमोरून चालायला लागले, खाली बघत. बूट. बूट. बूट. बूट. बूट. बूट. एकाचाही अंगठा दिसेना! मागून आत्याबाई ओरडल्या, "शालन, नीट बघ गं! माझ्या बापाचं तोंड हाय त्याला!" आता त्यांचे वडील मी कुठून बघितलेले असणार? ते तर माझ्या जन्माआधीच गेलेले!

शेवटी मी पदर मागं सारला आणि सहा पुरुषांच्या तोंडाकडं सरळ बघितलं. करमाळ्यात असं केलं असतं तर आईनं घरात घेतलं नसतं. सहाच्या सहा तोंडं माझ्याकडं बघत होती. एक जण डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता. मला वाटलं, डोळ्यांत माती गेली असेल बिचाऱ्याच्या. दुसरा हसत होता. तिसरा... तिसरं तोंड ओळखीचं वाटलं! हो, हे तोंड मी बघितलंय! आज सकाळीच बघितलंय! सरळ नाक, दाट मिशी! ते कुणाचं, हे घाबरल्या डोक्यातून पार गेलेलं. एवढी ओळख पटली म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? मी हात लांब करून बोट दाखवलं.

"हे!"

व्यंकटेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. मॅनेजरसाहेबांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले. डोळ्यांत माती गेलेला तो माणूस मटकन्‌ खाली बसला होता. ते आमचे हे! आत्याबाई म्हणाल्या, "दोनदा विचारलं, दोनदा त्योच! आता त्यालाच घीऊन जा घरी!"

मी रडायला लागले. माझ्यामुळं गेला ना नंबर! हुंदकेसुद्धा कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू गेले. तेव्हा पंच उठले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "मंडळी, चुकल्यावरच नंबर वाचतो असं सांगितलं असतं, तर ही बाई ओळखूनही मुद्दाम चुकली असती, म्हणून मी तिला उलटं सांगितलं. नवऱ्याचा नंबर वाचवायचा होता तिला, तरी चुकली. म्हणजे हिला खरोखरच नवरा ओळखता येत नाही! मुद्दाम अडवल्याचा प्रश्नच मिटला."

व्यंकटेशची माणसं तरी कुरकुरत होती. पण तोच पुढं आला. फच्‌ फच्‌. म्हणाला, "सर, माझे दोन मिनिट गेले हे खरं हाय. कप मला द्या, नंबर दोघांचा धरा. आणि सिद्रामला कायम करा, न्हायतर पुढच्या वर्षी वैनी परत मलाच वोवाळतील!"

मॅनेजरसाहेब हसत हसत उठले. यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि एवढंच म्हणाले, "सोमवारी ऑफिसात ये. कायमच्या यादीत नाव लागेल." आत्याबाईंनी तिथंच निरांजन पुन्हा पेटवलं. आता मात्र त्यांनी मला विचारलं नाही. आधी हातानं यांचे कान चाचपले, नाक चाचपलं, मग ओवाळलं.

आत्याबाई टेम्पोनं घरी गेल्या. कुणाची तरी सायकल मागून घेऊन, मला कॅरिअरवर बसवून हे निघाले. माझ्या मांडीवर नारळ, यांच्या खांद्यावर नवा टॉवेल. निम्मं सोलापूर मागं पडलं. मला फक्त पाठ दिसत होती. पाठही अनोळखीच!

रेल्वे लाईनच्या अलीकडं एका लिंबाखाली त्यांनी सायकल थांबवली. स्टँडवर लावली. टॉवेलनं तोंड खसाखसा पुसलं, माती गेली. घामाचं मीठ तेवढं भुवयांवर राहिलं. माझ्यासमोर ताठ उभे राहिले, पोलिसात भरतीला उभं राहतात तसे.

"बघ," ते म्हणाले. "सावकाश बघ. पाळी सोमवारपर्यंत न्हाय."

मी बघितलं. भर उन्हात, भर रस्त्यात. एक भुवई दुसरीपेक्षा वर. नाक थोडं बसकं. मिशी अशी, की ठेवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. डोळे मात्र लाल आणि भ्यालेले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. तेरा मैल पळताना जो माणूस भ्याला नाही, तो माझ्यापुढं भ्याला होता. मी इतका वेळ बघत राहिले, की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला.

"मग?" यांनी विचारलं. "हाय का वळखीचा?"

"न्हाय," मी म्हटलं. "पर चालतंय की!"